पैठणी हवी असते, की ती ‘मिळायला’ हवी असते?

काठपदर

गणपती तोंडावर आलेत आणि आमच्या भागात चौकाचौकात फ्लेक्स लागलेत. वर हात जोडलेले भावी नगरसेवक, खाली ठळक अक्षरात ‘खेळ पैठणीचा’, आणि मग बक्षिसांची यादी. प्रथम क्रमांक पैठणी, द्वितीय मिक्सर, तृतीय कुकर. येणाऱ्या प्रत्येकीला वाण आहेच.

या यादीतली गंमत बघा. असल्या कार्यक्रमात देतात ती पैठणी यंत्रमागावरची, घाऊक भावात उचललेली. बरा मिक्सर तिच्यापेक्षा महाग पडतो. पैशाच्या हिशेबाने मिक्सर पहिला यायला हवा. काही ठिकाणी फ्रिज किंवा स्कूटीसुद्धा ठेवतात, पण तिथेही कार्यक्रमाचं नाव पैठणीचंच. ‘खेळ मिक्सरचा’ म्हणून बोलावलं तर किती जणी सातच्या आत स्वयंपाक उरकून, केसांत गजरा माळून येतील?

हे सगळं टीव्हीवरच्या ‘होम मिनिस्टर’पासून सुरू झालं, यावर वाद नसावा. कार्यक्रम आला २००४ साली, तेव्हा झी मराठी वाहिनीचं नाव अजून अल्फा मराठी होतं. त्याआधी आपल्यासारख्या घरांत पैठणी होती कुठे? माझ्या आजीकडे इरकली होत्या, एक नारायणपेठ होती आणि लग्नातला शालू, तोही बनारसचा. आमच्या अख्ख्या वाड्यात पैठणी असलेली बाई एकच, वरच्या मजल्यावरच्या सावकारीणबाई. आज मात्र ‘आजीची पैठणी’ ही सगळ्यांचीच आठवण झालीय. ज्यांच्या आजीने जन्मभर सुती नऊवारीच नेसली त्यांचीसुद्धा.

आता तो कार्यक्रम आठवा. साडीला त्यात वेळ किती? शेवटची दोन-चार मिनिटं. बाकी वेळ भावोजी, म्हणजे सूत्रसंचालक आदेश बांदेकर, दारात, अख्खी चाळ जिन्यात, ‘वहिनी, तुमचं जमलं कसं?’, उखाणा, सासूबाईंचं लाजणं, आणि नवऱ्याने जन्मात पहिल्यांदा चार लोकांत केलेलं कौतुक. वर्षानुवर्षं घरात राबलेल्या बाईला तिची स्वतःची गोष्ट कुणीतरी विचारतंय, तिच्याच बाहेरच्या खोलीत, तिच्याच माणसांसमोर. पैठणी त्याची पावती.

माझं म्हणणं एवढंच की बायकांना पैठणी विकत घेता येते. नोकरी करणाऱ्या घेतात, भिशी लावून घेतात, दिवाळीच्या बोनसमधून घेतात. पण घेतलेल्या पैठणीबद्दल कुणी वर्षभर बोलत नाही, मिळालेलीबद्दल बोलतात. हौस नुसत्या साडीची नाही, चारचौघांत कुणीतरी आपल्या खांद्यावर पदर टाकावा याची आहे.

म्हणूनच ‘होम मिनिस्टर’चं २०२२ चं पर्व, ‘महामिनिस्टर’, मला खटकलं होतं. बक्षीस ११ लाखांची पैठणी, सोन्याची जर, वर हिरे. ओटीतल्या नारळाचा भाव कुणी विचारत नाही, तसा भावोजींच्या पैठणीचाही कुणी विचारत नव्हतं. आकडा लावला आणि ती लॉटरी झाली. ११ लाखांची साडी नेसून कोण कुठल्या मुंजीला जाणार? ती लॉकरात जाणार.

बोला.

तिरपागडे

केवढा विचार! अहो, फुकट मिळतंय म्हणून जातात. मिक्सर घरात असतोच, म्हणून पैठणी वर. संपला विषय.

काठपदर

तिरपागडे, पैठणीही असते घरात. एक नाही, चार. आमच्या सोसायटीत मागच्या वर्षी जिला मिळाली तिच्या कपाटात त्याच रंगाची आधीच होती. तरी ती रडली.

सायली_ठाणे

+१. माझ्या जावेला मिळाली होती (टीव्हीवर नाही, आमच्या मंडळात). गेली तीन वर्षं प्रत्येक हळदीकुंकवाला ‘ही ती’ म्हणून दाखवते. पोत अगदी पडद्याच्या कापडाचा आहे, पण सांगणार कोण!

येवलेकर

धाग्याचं नाव बघून आत आलो. आमच्या घरात आजोबांपासून माग आहे. दोन शब्द लिहितो, लांबले तर सांभाळून घ्या.

काठपदरताई, तुमचा आजीचा मुद्दा बरोबर आहे. जुन्या काळी पैठणी राजेरजवाडे, सरदार, सावकार यांचीच. गिऱ्हाईक मोजकं, त्यामुळे संस्थानं गेल्यावर माग बंद पडत गेले. आमचे काका माग सोडून गिरणीत लागले होते. टीव्हीमुळे मागणी आली हे आम्ही कोणीच नाकारत नाही. शिर्डीला जाणाऱ्या गाड्या आता येवल्यात थांबतात, हायवेला दुकानांची रांग आहे. माग बघायला येतात, फोटो काढतात, मुलांना दाखवतात.

पण मागणी कशाची आली ते बघा. मागणी आली मोराची. गिऱ्हाईक दुकानात पाय ठेवतं आणि ‘टीव्हीवर देतात तशी दाखवा’ म्हणतं. तशी म्हणजे मोठा मोर, भरलेला पदर, लांबून ओळखू येईल असे काठ. आसावली दाखवली, साधा नारळी काठ दाखवला तर म्हणतात, ‘ही पैठणी वाटत नाही.’ आता आसावलीची वेल जुनी, आणि सांगतात मला की वाटत नाही!

हा मोर यंत्रमागावर पटापट निघतो. हातमागावर काय होतं ते सांगतो. पदराचा मोर विणताना प्रत्येक रंगाची कांडी (धागा गुंडाळलेली छोटी काडी) वेगळी. मानेचा निळा, पिसाऱ्याचा हिरवा, चोचीचा लाल, मधली जमीन जरीची. एका ओळीत जिथे निळा सुरू होतो तिथून तेवढ्याच तारांतून कांडी न्यायची, शेजारच्या रंगात अडकवायची आणि मागे आणायची. हे बोटांनी, खालच्या नक्षीच्या कागदाकडे बघत. एक ओळ झाली की फणी मारायची, मग पुढची ओळ. धागा मागे लोंबत ठेवायचा नसतो, म्हणून अस्सल पैठणीचा पदर उलटा केला तरी मोर तसाच दिसतो. काठाचंही तेच: काठाचा धोटा वेगळा, अंगाचा वेगळा, आणि दोघं भेटतात तिथे एकमेकांत गुंतवायचे. भरलेला पदर असेल तर दिवसभर बसून चार बोटं पुढे सरकतं, कधी तेवढंही नाही. साधी काठपदराची साडी आठवडा-दोन आठवड्यांत उतरते, अंगभर काम असलं तर कित्येक महिने.

रेशीम बंगळुरूकडून येतं, जर सुरतेहून. दोन्हींचे भाव वाढले की आधी मार बसतो तो विणणाऱ्याच्या मजुरीला. २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, छान झालं, सत्कार झाले. तरी हजार-बाराशेची साडी ‘पैठणी’ म्हणून विकायला कुणी थांबलेलं नाही.

तेव्हा तुम्ही म्हणता तो मान बाईला मिळतो, त्याचं मला वाईट वाटायचं कारण नाही. पण त्या मानाच्या बाजारात आमचा मोर गेला आणि आम्ही अर्धे बाहेरच राहिलो.

काठपदर

येवलेकर, दंडवत. हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका.

गणूकाका

पैठणी ही २००० वर्षांपूर्वीची आपली परंपरा आहे. सातवाहनांच्या काळात पैठणची रेशमी पैठणी रोमला जात असे व सोन्याच्या भावाने विकली जात असे. ग्रीक प्रवाशानेही तसे लिहून ठेवले आहे. आजच्या पिढीला याचा अभिमान नाही ही शोकांतिका आहे. (पुढे पाठवलेले)

बखरकार

काका, पुढे पाठवण्याआधी जरा थांबा. तो ग्रीक मजकूर म्हणजे ‘पेरिप्लस’, पहिल्या शतकातला. त्यात पैठण आहे, पण पैठणहून भडोचला जाणारा माल म्हणून त्याने रंगीत पट्ट्यांच्या खड्यांचं नाव घेतलंय. कापड त्याने दिलंय ते तगरच्या नावावर, म्हणजे आपलं धाराशिवकडचं तेर, आणि तेही साधं कापड व मलमल. रेशमी मोराची साडी त्यात कुठेच नाही. पैठणला विणकाम जुनं आहे, त्याला कोण नाही म्हणतंय? पण आज आपण ज्याला पैठणी म्हणतो ती पेशवाई आणि निजामाच्या आश्रयाने घडलेली, असं म्हणणं जास्त सुरक्षित.

आणि काठपदर यांच्या मुद्द्याला हे जोडूनच घ्या. चौकातल्या बाराशेच्या साडीला बक्षीस म्हणून उभं राहायचं तर मागे सातवाहन लागतात. मिक्सरच्या मागे कोण आहे? वॉरंटी कार्ड.

तिरपागडे

वॉरंटी कार्ड =)) हे आवडलं. तरी माझं मत बदललेलं नाही.

उंबरठा

चर्चा छान, पण ‘देणारा कोण’ हे राहून जातंय.

टीव्हीवर बांदेकर ‘भावोजी’ होते. सूत्रसंचालक, सर वगैरे नव्हे, भावोजी. घरात शिरायला, वहिनीची थट्टा करायला, सासूला हसवायला नात्याने परवानगी असलेला माणूस. परक्या पुरुषाने बाईला साडी दिली तर चाळीत काय बोललं जाईल ते सांगायला नको. साडी देतो तो बाप, भाऊ, नवरा, फार तर सासर. म्हणजे आधी नातं लावावं लागलं, मग साडी देता आली.

पुढाऱ्यांनी कार्यक्रम उचलला तेव्हा साडीबरोबर हे नातंही उचललं. चौकातल्या खेळात साडी खांद्यावर टाकायला दादा किंवा भाऊच स्टेजवर येतात. खरं तर वहिनीसाहेबांना पुढे करतात, कारण ते जास्त शोभतं, पण फोटोत दादा असतातच. ही ओवाळणी आहे. ओवाळणी घेतली की बहीण झालात, आणि बहीण भावाच्या विरोधात कशी जाईल? २०२४ मध्ये सरकारने महिना १५०० रुपये सुरू केले त्या योजनेचं नाव आठवा. ‘महिला सन्मान निधी’ असलं काही नाही ठेवलं, ‘माझी लाडकी बहीण’ ठेवलं. शब्द कुठून आले ते गणपतीच्या मांडवात बसलेल्या कुठल्याही बाईला कळतं.

आणि बायका भोळ्या आहेत असं मला मुळीच म्हणायचं नाही. आमच्या गल्लीत तीन पक्षांचे तीन खेळ झाले. सगळ्या जणी तिन्हीकडे गेल्या.

व्यवस्थापक

राजकीय चर्चेसाठी वेगळा विभाग आहे. कृपया धागा विषयावर राहू द्या.

उंबरठा

हाच तर विषय होता. असो.

सदाफुली

मी या खेळांना जात नाही, कारण सांगते.

आमच्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी असाच कार्यक्रम झाला. नावं घेताना माइकवरच्या बाईंनी सहज म्हटलं, ‘सगळ्या सुवासिनींनी पुढे या.’ वाईट हेतू नव्हता, तोंडात बसलेलं वाक्य. माझ्या शेजारी माझी मोठी बहीण बसली होती, नवरा जाऊन तिला चारेक वर्षं झालेली. संगीतखुर्चीत ती आमच्या सगळ्यांच्या वरताण, शाळेपासून. ती उठली नाही. मी हात धरून ओढलं तर म्हणाली, ‘उखाण्यात कोणाचं नाव घेऊ?’

या पैठणीत फक्त कौतुक नाहीये, कुंकू आहे. ती कोणाला मिळते यापेक्षा कोणाला खेळायलाच मिळत नाही ते बघा. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात सरकारनेही सगळ्या ग्रामपंचायतींना तसा आदर्श घ्यायला सांगितलं. म्हणजे ११ लाखांच्या पैठणीचे भाग चालू होते, त्याच दिवसांत. एका गावाने ठराव केला म्हणून माइकवरची वाक्यं बदलत नाहीत.

काठपदर

सदाफुली, हे माझ्या लिहिण्यात यायलाच हवं होतं असं कुणी म्हणायच्या आधी मीच विचारते: उखाणा काढून टाकला तर खेळ उरेल का? मला वाटतं उरेल. बायकांना बोलायचं असतं, ते नवऱ्याच्या नावाशिवायही बोलता येतं. पण आयोजकांना ते सुचणार नाही, कारण त्यांच्याकडे छापील साचा आहे.

सदाफुली

उरेल. बहिणीला विचारलं तर ती भाचीच्या नावाने उखाणा घेईल, तयार आहे तिच्याकडे.

अटलांटिक_पार

इकडचं थोडं. न्यू जर्सीत आमच्या मंडळाच्या गणपतीत पैठणी हा गणवेश झालाय. पैठणी, नथ, गजरा (गजरा कापडी). तीन वर्षांच्या पोरींना पैठणीचे फ्रॉक, नवऱ्यांना पैठणीची जाकिटं, गणपतीमागे पैठणीचं कापड. २०२० मध्ये पैठणीचे मास्कही मागवले होते आम्ही, त्यातल्या काहींवर बाहेरून नथ छापलेली!

मी भारतात होते तेव्हा जीन्स सोडून काही घालत नव्हते. इथे ‘मराठी’ हे दिसावं लागतं, नाहीतर आपण नुसते ‘इंडियन’. गुजराती बायकांची बांधणी, तमिळ बायकांची कांजीवरम, मग आमचं काय? मोर. त्यामुळे येवलेकर म्हणतात ते अगदी पटलं. लांबून ओळखू येणं हाच तर तिचा उपयोग आहे इथे. बारीक आसावली नेसून गेले तर समोरचा ‘नाइस सारी’ म्हणेल आणि संपलं.

येवलेकर

ताई, मग नारळी काठावर बांगडी मोराचा पदर घ्या. तुमचंही काम होईल, आमचंही.

मंजू_काकू

थोडं अवांतर, रागावू नका. लेकीचं लग्न डिसेंबरात आहे. पैठणी घ्यायची आहे, चाळीसेक हजारांपर्यंत. खरी कशी ओळखायची? दुकानदार सगळेच ‘प्युअर’ म्हणतात.

येवलेकर

काकू, अवांतर कसलं! आधी पदर उलटा करून बघा. मागे धाग्यांची जाळी दिसली किंवा कापलेली टोकं हाताला लागली तर यंत्रमागाची. पुढून-मागून मोर सारखाच दिसला तर हातमागाची. काठ आणि अंग जिथे जुळतात तिथे बोट फिरवा, सांधा किंचित दातेरी लागतो. रेशमाला सिल्क मार्क आहे का बघा, हातमागाला हँडलूम मार्क वेगळा असतो. दोन्ही विचारा, एकावर भागवू नका.

जरीचं मात्र सरळ विचारा. चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा ती अस्सल, आता फार महाग. तांब्याच्या तारेवर चांदी चढवून केलेली टेस्टेड, तुमच्या बजेटात बहुतेक हीच येईल आणि तिच्यात वाईट काही नाही. प्लास्टिकची चमक असलेली जर नको, ती फार हलकी आणि फार पिवळी दिसते. दुकानदाराने ‘टेस्टेड आहे’ म्हणून आपणहून सांगितलं तर तो माणूस बरा समजा.

घरी नेल्यावर सुती कापडात ठेवा, घडी अधूनमधून बदला. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका, अत्तर-स्प्रे साडीवर मारू नका.

मंजू_काकू

खूप आभार. लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणते, ‘आई, मागची बाजू कोण बघणार? फोटोत पुढचीच येते.’

तिरपागडे

मुलगी हुशार आहे.

बखरकार

तिरपागडे, आता तुम्ही काठपदर यांच्या बाजूला आलात, लक्षात आलं का?

तिरपागडे

अजिबात नाही. मी मुलीच्या बाजूला आहे.

मंजू_काकू

कालचं सांगते. लेकीने आणि होणाऱ्या जावयाने ठरवलंय की पैठणी भाड्याने घ्यायची. एक दिवसाचं भाडं आणि अनामत रक्कम. भारीतली अस्सल मिळते म्हणे, मग कशाला विकत, पुन्हा कधी नेसणार, कपाटात जागा नाही. हिशेब बरोबर आहे तिचा, मला तोंड उघडायला जागा नाही ठेवली. पण मी विचारलं, सासूबाई ओटी भरतील तेव्हा अंगावर लोकाची साडी? ती म्हणाली, ‘त्यांना कुठे कळणार आहे?’

काठपदर, तुमचं म्हणणं होतं ना की साडीला महत्त्व नाही, ती दिली जाते त्याला आहे. मग मला द्यायचीय त्याचं काय? घेणारीला नकोय, पण देणारीची हौस आहे ना. तिच्या वडिलांनी त्यासाठी वेगळे पैसे ठेवलेत.

काठपदर

काकू, ही बाजू मी धरलीच नव्हती. मला वाटत होतं देणाऱ्याला मतं हवी असतात, नाहीतर टीआरपी. आईचं काय, ते सुचलं नाही.

अटलांटिक_पार

काकू, लग्नात भाड्याची नेसू दे. तुमची तिला पहिल्या दिवाळसणाला द्या, बिनमोराची, ऑफिसच्या कार्यक्रमाला नेसता येईल अशी. ती नेसेल. माझ्या आईने मला दिलेली एकमेव साडी जी मी इथे वर्षातून चारदा काढते ती तशीच आहे, पोफळी रंगाची.

मंजू_काकू

हे चालेल. तिला विचारणारच नाही आता.

येवलेकर, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, पोफळीत काय आहे ते बघून सांगा. आणि भाड्याच्या साडीला पिना लावल्या तर चालतात का? ब्यूटी पार्लरवाली म्हणते पंधरा-वीस लागतील.

येवलेकर

व्यनि मिळाला, फोटो रात्री पाठवतो. पिना पदराच्या जरीत नकोच. खांद्यावर लावायचीच झाली तर खाली कापडाचा तुकडा ठेवून एकच मोठी लावा. भाडेवाले अनामत कापतात ती बहुतेक याच कारणाने.